पुढच्या डाव्या चाकातली चीं: ब्रेकचा आवाज शोधण्यापासून बंद होईपर्यंत

ब्रेक वाजायला लागले की गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "पॅड गेले, नवीन टाकू." नवीन पॅड पडतात, काही दिवस गाडी शांत चालते आणि मग तोच आवाज परत येतो. आवाज पॅडमधून येत असला तरी त्याचं मूळ बऱ्याचदा पॅडमध्ये नसतंच. ब्रेकमधले जे भाग सहज सरकायला हवेत, ते गंजून, सुकून किंवा कचरा अडकून सरकेनासे झालेले असतात. ते जसेच्या तसे ठेवून त्यात नवीन पॅड कोंबले तर तेही तसेच वाजणार.

खाली दिलंय ते अशाच एका गाडीवर केलेलं काम आहे. छोटी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम ब्रेक. वापर रत्नागिरीकडचा, म्हणजे खारी हवा, जांभ्याची लाल धूळ, चार महिने पाऊस आणि अधूनमधून आंबा घाट. तक्रार अशी की कमी वेगात ब्रेक हलका दाबला की पुढून कान किटवणारी चीं येते, आणि जोरात दाबला की थांबते. शिवाय रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की मागून करकर.

पाना हातात घेण्याआधी आवाज कधी येतो, कधी थांबतो हे नीट ऐकलं तर अर्धं निदान तिथेच होतं. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक खरखरले आणि मग आवाज गेला, तर तो डिस्कवर रातोरात चढलेला गंज आहे; त्याला काही करायचं नाही. गाडी सुरू करून पहिल्यांदा १०-२० किमी वेग गाठताना एकदाच कर्र किंवा टक् असं वाजलं, तर बऱ्याच गाड्यांत तो एबीएस (जोरात ब्रेक लागल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) स्वतःची चाचणी घेत असल्याचा आवाज असतो. ब्रेक न दाबताही चाकाच्या फेऱ्याबरोबर पातळ किंचाळल्यासारखं वाजत असेल, तर दोन शक्यता. एक, पॅडला लावलेली पोलादी पट्टी डिस्कला टेकली आहे. पॅडवरचा घासणारा थर, म्हणजे लायनिंग, साधारण २ मिमी उरलं की ती टेकावी अशीच तिची रचना असते. दुसरी, डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये खडा अडकलाय. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू झालेला आवाज बहुधा खड्याचाच. गाडी थोडी मागेपुढे केली की काही वेळा खडा आपोआप पडतो, नाहीतर चाक काढून पत्रा बोटाने किंचित मागे वाकवला की सुटतो.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घर्रघर्र ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर लायनिंग संपून मागची पोलादी प्लेट डिस्क खातेय. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, जागेवरच उघडावी. पुढे-मागे दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला एकदाच टक् झालं, तर पॅड त्यांना धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये सैल आहेत किंवा त्यांच्या स्प्रिंग-पट्ट्या नाहीत. आणि आवाजापेक्षा पेडल व स्टिअरिंग थरथरत असेल तर तो डिस्कच्या जाडीतल्या फरकाचा किंवा डगमगीचा प्रश्न आहे. तो डिस्क मोजल्याशिवाय सुटत नाही.

आता आपली चीं. ब्रेक लागताना पॅड डिस्कवर एकसारखा घासत नाही. तो सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. या थरथरीचा मेळ पॅड, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि डिस्क यांच्या स्वतःच्या कंपनांशी बसला की सगळी डिस्क झांजेसारखी वाजते. हा आवाज साधारण १ ते १६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणून तो इतका टोचतो. पेडल जोरात दाबल्यावर पॅड घट्ट बसतो, कंपनाला मोकळीक राहत नाही आणि आवाज थांबतो. हलक्या दाबाला वाजणं आणि जोरात दाबल्यावर थांबणं म्हणजे पॅडला हवा तसा आधार मिळत नाहीये किंवा तो कुठेतरी अडकून तिरका बसतोय.

कुठल्या चाकाचा आवाज आहे हे गाडीत बसून कळत नाही, कान फसवतात. लांब कंपाउंडच्या भिंतीलगत, काचा खाली करून, १५-२० किमी वेगाने गाडी नेली आणि हलका ब्रेक दाबला. मग त्याच भिंतीलगत उलट दिशेने आणली. भिंतीवर आपटून येणारा आवाज डाव्या बाजूला स्पष्ट होता, उजवीकडे नाही. मागचे ब्रेक वेगळे तपासायला हँडब्रेकचं बटण दाबून धरून, मोकळ्या जागेत अगदी हळू चालत्या गाडीचा हँडब्रेक हलका ओढायचा. ड्रमवर हँडब्रेक असलेल्या गाडीत यावेळी आवाज आला तर तो मागचा. इथे हँडब्रेकला चीं नाही, म्हणजे ती पुढचीच.

तिसरी चाचणी तापमानाची. थोडं फिरून, शेवटचा काही भाग ब्रेक न वापरता चालवून गाडी थांबवली आणि दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलं. चकचकीत घासलेल्या भागावर हे यंत्र चुकीचं, बहुधा कमी तापमान दाखवतं, म्हणून दोन्हीकडे डिस्कच्या मधल्या गंजलेल्या टोपीवरच मोजायचं. उजवीकडे ९६ अंश, डावीकडे १४८. खरा आकडा किती यापेक्षा दोन्ही बाजूंत फरक किती हे महत्त्वाचं. समान वापरात एक चाक दुसऱ्यापेक्षा ३० अंशांनी किंवा त्याहून जास्त गरम असेल, तर ते ब्रेक सोडल्यावरही धरून बसतंय असं समजून पुढे जावं. थर्मामीटर नसेल तर चाकाच्या रिमवर पाण्याचे थेंब टाकून दोन्ही बाजूंची तुलना करता येते. डिस्कला हात मात्र लावायचा नाही.

गाडी सपाट सिमेंटवर घेतली, पहिल्या गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले, मग जॅक. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. चॅसिसच्या मजबूत जागेखाली घोडी लावून गाडी तिच्यावर टेकवली आणि काढलेलं चाक आडवं करून खाली सरकवून ठेवलं.

पाने लागतात ते असे: चाकाच्या नटाची गोटी, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांच्या बोल्टला बहुतेक छोट्या गाड्यांत १२ किंवा १४ चा, ब्रॅकेटच्या बोल्टला १७ चा, ब्लीडरला (कॅलिपरवरच्या, हवा काढायच्या स्क्रूला) ८ किंवा १० चा रिंग पाना. शिवाय जी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, बारीक दाताची कानस, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, मोठी सिरिंज, बाइंडिंगची तार, टॉर्क रेंच. तोंडाला मास्क हवाच. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा फुंकरीने उडवायची नाही. जुन्या आणि स्वस्त लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. क्लीनरने ओली करून कपड्याने पुसायची.

खालच्या पिनचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलायला गेलो तर तो उचलेना. वरची पिन बोटाने आत-बाहेर होत होती, खालची पक्कडीने फिरवूनही जेमतेम हलत होती. दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर मोकळा केला आणि तारेने स्प्रिंगला बांधून टांगला. कॅलिपर त्याच्या रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. पाइपच्या आतला थर तुटतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढे तोच पाइप झडपेसारखा वागून ब्रेक सुटू देत नाही.

पॅड बाहेर काढले. बाहेरच्या पॅडचं लायनिंग ७ मिमी. आतल्याचं वरच्या टोकाला ५ मिमी, खालच्या टोकाला जेमतेम ३. नवीन पॅडचं लायनिंग साधारण १० मिमी असतं. ही झीज हाच सगळ्यात बोलका पुरावा, म्हणून जुने पॅड कधीही न बघता भंगारात टाकू नयेत. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. पिस्टन परत येत नसेल तरीही आतला पॅडच जास्त झिजतो. पण तिरकी झीज, म्हणजे एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी, ही एकच पिन अडकल्याची किंवा पॅडचा एक कान ब्रॅकेटमध्ये रुतल्याची खूण आहे. बाहेरचा पॅड जास्त झिजला असता तर कॅलिपर ब्रेक सुटल्यावर परत सरकत नाही असा अर्थ झाला असता.

पिस्टनचा संशय दूर करणं सोपं. ब्रेक ऑइलच्या डब्यातून सिरिंजने थोडं ऑइल काढून घेतलं, कारण पिस्टन मागे गेला की डब्यातली पातळी वर येते आणि ऑइल सांडलं तर रंग खातं. मग ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडलं, ब्लीडर पाव फेरा उघडला आणि पिस्टनवर जुना पॅड ठेवून जी-क्लॅम्पने हळूहळू दाबलं. ब्लीडर उघडण्याचं कारण असं की कॅलिपरच्या तळाशी साचलेलं काळं ऑइल उलट एबीएसच्या युनिटमध्ये जायला नको. पिस्टन एकसारखा, न अडखळता आत गेला, त्याचं धूळ-रबर अखंड होतं. ब्लीडर बंद केला. पिस्टन निर्दोष, दोष पिनेत.

खालची पिन ओढून काढली तेव्हा कारण समोर आलं. तिच्या घडीच्या रबराला एका घडीत चीर गेली होती. आत पाणी शिरून ग्रीसचा तपकिरी चिखल झाला होता आणि पिनेच्या मधोमध गंजाचं रुंद कडं चढलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधीच्या कुठल्यातरी कामात तिथे बेअरिंगचं साधं ग्रीस भरलेलं होतं. ब्रेकमधली रबरं ब्रेक ऑइलला टिकणारी असतात, पण पेट्रोलियमच्या ग्रीसने, डिझेलने, रॉकेलने ती फुगतात. काही कॅलिपरमध्ये दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो. तो फुगला की पिन भोकात गच्च बसते, हाताने सरकत नाही. म्हणूनच रॉकेलमध्ये बुडवून भाग धुण्याची पद्धत ब्रेकला चालत नाही. बुश असलेली पिन कुठल्या भोकातली हे काढतानाच लक्षात ठेवायचं. वरची-खालची अदलाबदल करायची नाही.

गंज ४०० नंबरच्या पेपरने उतरला आणि खाली खड्डे नव्हते, म्हणून पिन ठेवली. नखाला खड्डा लागला असता तर नवीनच घातली असती. भोकात पेपर गुंडाळून फिरवला, ब्रेक क्लीनरने धुतलं, कोरडं होऊ दिलं. दोन्ही रबरं नवीन. प्रत्येक पिनेवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर, साधारण एक ग्रॅम, बस. भोक ग्रीसने भरून टाकलं तर आतली हवा कोंडते आणि पिन दाबली की परत बाहेर येते. मग कॅलिपर सरकत नाही आणि दोष आपण होऊन तयार केल्यासारखं होतं. पिन घातल्यावर रबराची कड तिच्या खाचेत पूर्ण बसली का हे बोट फिरवून बघायचं आणि रबर किंचित दाबून आतली जादा हवा सोडायची.

यापुढचा भाग गॅरेजमध्ये हमखास वगळला जातो, आणि माझ्या मते चीं थांबण्यात त्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे. पॅडचे दोन्ही कान ज्या खाचांमध्ये सरकतात तिथे स्टेनलेसच्या पातळ क्लिपा असतात. क्लिप गंजत नाही, पण तिच्या खालचं ब्रॅकेटचं बीड गंजतं. गंज फुगतो, क्लिपला आतून उचलतो, खाच अरुंद होते आणि पॅड त्यात दाबून बसतो. वरून बघितलं तर क्लिप चकचकीत असते, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. क्लिपा काढल्या तेव्हा खालून गंजाचे पापुद्रेच्या पापुद्रे निघाले. ब्रॅकेट सोडवून शिकंज्यात धरलं आणि चारही खाचा कानसेने, मग तारेच्या ब्रशने, धातूचा मूळ रंग दिसेपर्यंत साफ केल्या. कानस फक्त गंजावर चालवायची. धातू खाल्ला तर पॅड सैल होऊन टकटक सुरू होईल. मोकळ्या धातूवर ब्रेकच्या ग्रीसचा नुसता पुसट हात दिला आणि नवीन क्लिपा दाबून बसवल्या.

मग नवीन पॅडचे कान तपासले. बाजारातल्या बऱ्याच पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर असतो. तो कानसेने उतरवला. कसोटी एकच: पॅड ब्रॅकेटमध्ये अंगठ्याने सरकला पाहिजे आणि तरी वरखाली डुलता कामा नये. पॅड बसवायला हातोडी लागत असेल तर खाच अजून साफ झालेली नाही.

डिस्कवर कमीत कमी जाडी १५ मिमी असं तिच्या मधल्या टोपीवर कोरलेलं होतं. नुसत्या व्हर्निअरने डिस्क मोजली तर त्याचे जबडे कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतात आणि जाडी जास्त येते. मायक्रोमीटर नसेल तर एकसारखी दोन नाणी घ्यावीत, ती एकत्र मोजावीत, मग घासलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक नाणं धरून एकूण माप घ्यावं आणि नाण्यांची जाडी वजा करावी. इथे नाणी मिळून ३.४, एकूण १९.६, म्हणजे डिस्क १६.२ मिमी. चालण्यासारखी. चार-पाच ठिकाणी मोजून फरकही बघितला. जाडीतला फरक ०.०१५ मिमीच्या आसपास गेला तरी पेडलला थरथर जाणवू शकते, पण इतका बारीक फरक मायक्रोमीटरशिवाय कळत नाही. इथे थरथरीची तक्रार नव्हती, म्हणून तेवढ्यावर थांबलो.

डिस्क हबवरून काढली. ती चिकटलेली असेल तर पुष्कळ गाड्यांच्या डिस्कला ८ मिमीच्या आट्यांची दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क सरळ सुटते. हातोडीने ठोकली तर हबच्या बेअरिंगवर घाव बसतो. हबचा चेहरा आणि डिस्कची मागची बाजू तारेच्या ब्रशने लख्ख केली. इथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी बाहेरच्या कडेला डिस्क डगमगते. नट आवळून, डायल गेज कडेपासून १० मिमी आत ठेवून डिस्क फिरवली तर डगमग ०.०४ मिमी. ०.१० पर्यंत मर्यादा बहुतेक ठिकाणी दिलेली असते, पण ०.०५ च्या आत असलेली बरी. "डिस्क बेंड झालीय" म्हणून लेथवर पाठवल्या जाणाऱ्या कितीतरी डिस्क हबच्या गंजामुळे किंवा एअरगनने वाकडेतिकडे आवळलेल्या नटांमुळे डगमगत असतात.

डिस्कच्या बाहेरच्या कडेचा गंजाचा कंगोरा कानसेने काढला, कारण नवीन रुंद पॅड त्यावर चढला तर पहिल्याच दिवशी वाजतो. दोन्ही चेहऱ्यांवर १२० नंबरचा पेपर छोट्या गोल गोल हालचालीने फिरवला. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलेल्या गाडीच्या डिस्कवर आरशासारखी झिलई येते. ती मोडायची आणि पृष्ठभागाला कुठलीच एक दिशा राहू द्यायची नाही. नंतर डिस्क क्लीनरने पुसली. नवीन डिस्क घालत असाल तर तिच्यावरचं गंजरोधक तेलही असंच आधी पूर्ण उतरवायचं.

पॅडच्या लायनिंगला दोन्ही टोकांना तिरका उतार असतो. या जोडीला तो नव्हता. चौकोनी धार डिस्कला खोदते आणि कंपन सुरू करते, म्हणून सपाट फरशीवर पेपर ठेवून दोन्ही टोकांना ४५ अंशात साधारण ३ मिमी उतार दिला. पॅडच्या मागे शिम असते, म्हणजे रबराचा थर असलेली पातळ पत्र्याची पट्टी, कंपन गिळण्यासाठी. जुन्या पॅडवरच्या शिमा वाकड्या झाल्या होत्या, नवीन लावल्या. शिम आणि पॅडच्या प्लेटमध्ये, तसंच पिस्टन जिथे शिमेला टेकतो तिथे, ग्रीसचा पातळ हात. लायनिंगला किंवा डिस्कला बोट लागलं तरी क्लीनरने पुसायचं. ग्रीस किंवा ब्रेक ऑइल मुरलेला पॅड टाकूनच द्यायचा. पेट्रोल ओतून पेटवून तो "कोरडा" करतात ते फसवं आहे. तेल आत राहतं आणि वर लायनिंगचा चिकट रेझिन जळतो.

याच जागी एक कळकळीचं सांगणं. आवाज बंद करायला डिस्कवर गंज सुटवण्याचा स्प्रे किंवा ऑइल मारणारे लोक खरंच आहेत. आवाज थांबतो, आणि पुढच्या ब्रेकला गाडीही थांबत नाही. तसंच घाट उतरून आल्यावर वास मारणाऱ्या गरम डिस्कवर पाणी ओतू नये. बीडाला एकदम गारवा बसला की ते वेडंवाकडं आकसतं, तडाही जाऊ शकतो. गाडी उतारावर नसलेल्या जागी, पेडल न दाबता उभी ठेवून थंड होऊ द्यावी.

जोडणी उलट क्रमाने केली. झिजेची पट्टी असलेला पॅड जुन्यात होता त्याच जागी, इथे आतल्या बाजूला. बोल्टांचे टॉर्क गाडीच्या पुस्तकातून घ्यावेत. अंदाज म्हणून, छोट्या गाड्यांत कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट २५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, चाकाचे नट ८५ ते ११०. पिनांच्या बोल्टला लांब टॉमी लावून ताकद काढली तर आटे जातात. उजव्या बाजूलाही हेच सगळं काम केलं, पिना मोकळ्या असूनही. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

ब्लीडर उघडलेला होता म्हणून त्या चाकाची हवा काढली. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. डब्यातलं ऑइल काळपट होतं, म्हणून चारही चाकांचं बदललं. लहान गाडीला अर्धा ते एक लिटर पुरतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा नवा बंद डबाच फोडायचा. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कोकणच्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलण्याचा नियम पाळलेला बरा.

गाडी हलवण्याआधी पेडल भक्कम लागेपर्यंत पंप केलं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दाब थेट जमिनीला जातात. हे विसरून गाडी सुरू करणाऱ्याला गेटपाशी ब्रेक मिळत नाही.

मागची करकर ड्रममधली निघाली. पुढच्या चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून, ड्रम त्याच दोन बोल्टांच्या पद्धतीने काढला. आत लाल धुळीचा थर. शू, म्हणजे ड्रमला आतून टेकणारे कमानदार भाग, ज्या बॅकप्लेटवर सरकतात त्यावर उंचवट्याच्या जागा असतात, बहुधा प्रत्येक शूला तीन. त्या कोरड्या पडून घासून चमकत होत्या. धूळ ओली करून पुसली, उंचवटे साफ करून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा ठिपका दिला. झिजणारे शू ड्रमजवळ ठेवणाऱ्या ॲडजस्टरचे आटे धुऊन मोकळे केले. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे उलट असतात, म्हणून एका वेळी एकच बाजू खोलायची आणि दुसरी नमुन्याला तशीच ठेवायची. शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरच्या रबराची कड उचलून बघितली. किंचित ओल चालते, ऑइलचा थेंब निघाला तर सिलेंडर बदलायचा आणि भिजलेले शूही. ड्रमचा जास्तीत जास्त व्यास त्याच्यावरच ओतलेला असतो. लेथवर मारून त्यापलीकडे नेलेला ड्रम पातळ होऊन धोकादायक होतो. लायनिंग पुरेसं होतं, तेच ठेवलं. ड्रम बसवून शू इतके वाढवले की फिरवताना अगदी हलकी घास लागावी, मग हँडब्रेकच्या टिकटिकी पुस्तकाप्रमाणे जुळवल्या. हा क्रम महत्त्वाचा: आधी शू, मग केबल. केबल ताणून शूची झीज झाकली की ॲडजस्टर काम करेनासा होतो.

पॅड बसण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ किमीपर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक मारला, प्रत्येक दोहोंमध्ये अर्धा मिनिट गाडी चालती ठेवली. शेवटी थोडं अंतर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड केली. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि तिथून पुढे थरथर सुरू होते.

नंतर त्याच भिंतीलगत दोन्ही बाजूंनी गाडी नेली. चीं नाही, रिव्हर्समध्ये करकर नाही. टोपीवरचं तापमान उजवीकडे ९४, डावीकडे ९८. चाकांचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कने तपासले. या गाडीसाठी आता नोंद अशी: मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, चाकं काढून पिनांची रबरं आणि क्लिपांच्या खालचा गंज बघायचा. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये, ठोकळे लावून, हँडब्रेक न ओढता ठेवायची, म्हणजे ओले शू ड्रमला चिकटणार नाहीत.